फ्लॅश कॅमेऱ्यावरून खाली उतरवा, पण कर्ज काढून नव्हे



आजचा विषय फोटोग्राफीचा आहे आणि थोडा वादाचाही आहे. कॅमेऱ्यापासून लांब ठेवलेला फ्लॅश कमी पैशांत कसा पेटवायचा, हा तो विषय. बारावीनंतर लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागलेली आपली बरीच मुलं हे विचारायला येतात. दुकानात गेलं की त्यांना एकच उत्तर मिळतं : मोठ्या कंपनीचं घ्या, हप्त्यावर घ्या. माझं मत याच्या बरोबर उलट आहे. शिकण्यासाठी आणि सुरुवातीच्या कामासाठी साधा मॅन्युअल फ्लॅश आणि साधा ट्रिगर पुरतो. मात्र दोन-तीन ठिकाणी पैसे वाचवायला गेलात तर काम अंगाशी येतं. तेही सांगणार आहे.

आधी हे बघू की फ्लॅश खाली का उतरवायचा?

कुठल्याही शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो काढून बघा. चेहरे चुना फासल्यासारखे पांढरे, मागच्या पडद्यावर डोक्याची काळी सावली आणि त्यामागे सगळा अंधार. कॅमेरा वाईट नसतो, मुलंही गोड असतात. दोष प्रकाशाच्या दिशेचा असतो. जिथून आपण बघतोय तिथूनच प्रकाश गेला की वस्तूवरच्या सावल्या वस्तूच्याच मागे लपतात, आणि सावली दिसली नाही की उंचसखलपणा कळत नाही. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आकाशात आहे. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून बघा, ताटासारखा सपाट दिसतो. अष्टमीचा चंद्र बघा, उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या रेषेवर एकेक विवर उठून दिसतं. चंद्र तोच, सूर्य तोच, फक्त प्रकाश बाजूने आला. फ्लॅश कॅमेऱ्यावर असेल तर चेहऱ्याची पौर्णिमा होते. तो हातभर बाजूला आणि जरा वर नेला की अष्टमी होते.

एवढं एकदा पटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. फ्लॅश तिकडे ठेवला, पण कॅमेऱ्याचं बटण दाबल्याबरोबर तो पेटणार कसा?

ट्रिगर म्हणजे नुसता स्विच

दुकानदार जेवढा बाऊ करतात तेवढं यात काही नाही. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायची जी पट्टी असते तिला हॉट शू म्हणतात. तिच्या मधोमध एक गोल धातूचा ठिपका असतो आणि बाजूच्या कडा धातूच्या असतात. शटर पूर्ण उघडलं की कॅमेरा त्या ठिपक्याला आणि कडांना आतून क्षणभर जोडतो. बस. दारावरची बेल आपण दाबतो तेव्हा दोन तारा जुळतात, तसंच. फ्लॅशला कळतं की आता पेटायचं.

म्हणजे कॅमेऱ्याने केलेली ही 'जोडणी' लांबच्या फ्लॅशपर्यंत पोचवणं एवढंच ट्रिगरचं काम. तारेने पोचवा, उजेडाने पोचवा, रेडिओलहरींनी पोचवा. निरोप तोच, निरोप्या वेगळा.

आता यात वेळेचा एक बारकावा आहे. आपल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात शटरचे दोन पडदे असतात. पहिला उघडतो, दुसरा बंद करतो. शटर स्पीड साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत असेल तर एक क्षण असा येतो की सगळा सेन्सर उघडा असतो. फ्लॅश त्याच क्षणी पेटला पाहिजे. त्याहून वेगात गेलात तर पहिला पडदा पूर्ण उघडायच्या आत दुसरा निघतो, नुसती फट सरकत जाते, आणि फोटोत काळा पट्टा येतो. मुलं हा पट्टा बघितला की "ट्रिगर खराब निघाला" म्हणून परत करायला धावतात. अरे, आधी शटर स्पीड बघा! स्वस्त ट्रिगर निरोप पोचवायला किंचित उशीर करतात, म्हणून पुस्तकात १/२०० लिहिलेलं असलं तरी १/१६० किंवा १/१२५ वर काम करा. फोटोच्या दर्जात काही फरक पडत नाही.

बिनपैशाचा उपाय आधी

हा उपाय कोणी सांगत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही. खोली अंधारी करा. कॅमेरा स्टँडवर किंवा टेबलावर पक्का ठेवा. शटर २ सेकंद, ॲपर्चर एफ ८, आयएसओ १००. बटण दाबा आणि त्या दोन सेकंदांत फ्लॅश हातात धरून त्याच्या पाठीवरचं 'टेस्ट' बटण दाबा. झालं. अंधार असल्यामुळे शटर उघडं असलं तरी सेन्सरवर काही उमटत नाही, फ्लॅशचा उजेड पडतो तेवढाच फोटो. ट्रिगर कोण? तुमचा अंगठा. ही पद्धत फार जुनी आहे, ओपन फ्लॅश म्हणतात तिला.

यात एक गंमतही आहे. शटर दहा सेकंद उघडं ठेवलं तर तुम्ही त्याच एका फ्लॅशने डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा आणि मागून एकदा असा तीनदा उजेड टाकू शकता. एका फ्लॅशचे तीन फ्लॅश झाले. वस्तू हलणारी नसली पाहिजे एवढीच अट. जुनी मूर्ती, प्रयोगशाळेतली उपकरणं, हस्तकलेच्या वस्तू यांचे फोटो असे काढून बघा.

आणि हे मोबाईलवरही होतं. एरवी मोबाईलचा आणि खऱ्या फ्लॅशचा मेळ बसत नाही. मोबाईलला हॉट शू नाही, आणि त्याच्या पाठीवर जो 'फ्लॅश' आहे तो एलईडीचा दिवा आहे, क्षणभर जास्त उजेड देणारा. शिवाय मोबाईलचा सेन्सर साधारणपणे ओळीमागून ओळ वाचतो, त्यामुळे झटकन चमकून जाणारा फ्लॅश काही ओळींना मिळतो, काहींना मिळत नाही. पण प्रो मोडमध्ये शटर एक-दोन सेकंद ठेवता येत असेल तर बहुतेक वेळ सगळ्याच ओळी उघड्या असतात. अंधाऱ्या वर्गात मुलांना हे करून दाखवा. ज्यांच्या घरी कॅमेरा नाही अशी मुलं वर्गात जास्त असतात, आणि फोटोग्राफी 'आपली नाही' हे त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. त्यांच्यासाठी हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो.

पाण्याने भरलेल्या टबात झेंडूचं फूल टाकायला एकाला सांगा, दुसरा टेस्ट बटण दाबेल. दहातला एखादा फोटो बरोबर साधतो, पण त्या एका फोटोत पाण्याचा शिंतोडा हवेत काचेसारखा थिजलेला असतो. अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी हेच केलं, दुधाच्या थेंबाचा मुकुट त्यांनी जगाला दाखवला. त्यांची साधनं कितीतरी पुढची होती, पण तत्त्व हेच : शटरने नाही, फ्लॅशच्या लखलखाटाने क्षण पकडायचा. फ्लॅशची पॉवर कमी ठेवली की त्याची चमक आणखी आखूड होते. साध्या गोडॉक्स टीटी६०० फ्लॅशच्या माहितीपत्रकात ही वेळ १/३०० पासून १/२०००० सेकंदापर्यंत दिली आहे. म्हणून पाण्याचे फोटो काढताना फुल पॉवर लावू नका, १/३२ किंवा त्याहून खाली या आणि फ्लॅश जवळ आणा.

तार

तारेबद्दल फार बोलण्यासारखं नाही. स्वस्त, भरवशाची, सेल लागत नाहीत. जुन्या स्टुडिओत सगळं तारेवरच चालायचं. काही कॅमेऱ्यांना बाजूला एक बारीक गोल छिद्र असतं, त्याला पीसी सॉकेट म्हणतात. त्याचा कॉम्प्युटरशी संबंध नाही, प्रॉन्टर आणि कॉम्पूर या जुन्या जर्मन शटरांच्या नावांची ती आद्याक्षरं आहेत. टेबलावरच्या वस्तूंचे, पासपोर्टचे फोटो काढणाऱ्याने तारच वापरावी असं माझं मत आहे. लग्नात नको. कोणाची आत्या तारेत पाय अडकून पडली तर फोटोचे पैसे राहू द्या, दवाखान्याचे द्यावे लागतील.

डोळा, म्हणजे ऑप्टिकल स्लेव्ह

बऱ्याच मॅन्युअल फ्लॅशमध्ये पुढच्या बाजूला लालसर काचेमागे एक 'डोळा' असतो. दुसरा फ्लॅश चमकलेला दिसला की तो आपला फ्लॅश पेटवतो. म्हणजे कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश सगळ्यात कमी पॉवरवर ठेवायचा, तो चमकला की लांबचा मोठा पेटतो. ट्रिगरचा खर्च शून्य.

इथे मुलं एका जागी हमखास अडकतात. कॅमेऱ्याचा फ्लॅश ऑटोवर, म्हणजे टीटीएलवर असेल तर तो दोनदा चमकतो. पहिली बारीक चमक अंदाज घेण्यासाठी, दुसरी खरी. आपल्या डोळ्यांना दोन्ही एकच वाटतात. पण लांबचा डोळा पहिल्याच चमकेला उठतो, शटर उघडायच्या आधीच पेटून मोकळा होतो. समोरच्याला वाटतं फ्लॅश पडला, फोटोत मात्र काही नाही. उपाय दोन : कॅमेऱ्याचा फ्लॅश मॅन्युअलवर टाका, किंवा लांबच्या फ्लॅशला एस१ ऐवजी एस२ वर ठेवा. एस२ मध्ये तो पहिली चमक सोडून देतो. रेड-आय कमी करणारी सोय मात्र बंदच ठेवा, तिच्या जादा चमका आल्या की एस२ सुद्धा गोंधळतो.

कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा उजेड फोटोत नको असेल तर एक जुनी युक्ती आहे. धुतलेल्या स्लाइड फिल्मचा पूर्ण काळा तुकडा त्या फ्लॅशवर चिकटवा. दिसणारा उजेड अडतो, पण अवरक्त किरण आरपार जातात आणि डोळ्याला तेवढे पुरतात. आता अशी फिल्म मिळणं कठीण, पण गावातल्या जुन्या स्टुडिओवाल्या काकांच्या कपाटात एखादा रोल सापडेल. अवरक्त किरण शिकवताना हे जरूर दाखवा. पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा लवकर डोक्यात शिरतं.

पांढऱ्या भिंतींच्या खोलीत हा डोळा छान चालतो. भर उन्हात तो आंधळा होतो. आणि लग्नाच्या हॉलमध्ये? तिथे तो धोकादायक आहे, असं मी स्पष्ट म्हणेन. मंगलाष्टकं संपत आली आहेत, अंतरपाट खाली यायचाय, आणि हॉलमध्ये तुमच्याशिवाय आणखी दोन-तीन कॅमेरेवाले आहेत. नवरीच्या मामाने पुण्याहून आणलेला आहे, एखादा हौशी चुलतभाऊ आहे. त्यांच्यातल्या कोणाचाही फ्लॅश चमकला की तुमचाही चमकणार. फुल पॉवरवर एकदा पेटला की परत भरायला दोन-तीन सेकंद जातात. नेमक्या त्या दोन सेकंदांत अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात, आणि तुमचा फ्लॅश भरतोय. तो क्षण भटजींना परत म्हणायला सांगता येत नाही. 'सावधान' हा शब्द तिथे फोटोग्राफरलाही लागू आहे.

रेडिओ ट्रिगर आणि माझं भांडण

म्हणून पैसे घेऊन काम करायचं असेल तर रेडिओ. एकेकाळी हे फक्त मोठ्या स्टुडिओंचं काम होतं. अमेरिकेत बाल्टिमोर सन या वृत्तपत्रात काम केलेले छायाचित्रकार डेव्हिड हॉबी यांनी २००६ मध्ये 'स्ट्रोबिस्ट' या नावाने धडे लिहायला सुरुवात केली. लहान फ्लॅश, छत्री, स्टँड आणि साधी साधनं यांवर स्टुडिओसारखा प्रकाश कसा करायचा, हे त्यांनी फुकट शिकवलं. जगभरच्या कमी पैशांच्या फोटोग्राफरांना त्यामुळे धीर आला. पाठोपाठ चीनमधून स्वस्त ट्रिगर यायला लागले. आधीचे ४३३ मेगाहर्ट्झवाले होते, लहरी. कधी पेटायचे, कधी नाही, लोक त्यांना वरून तारेचा अँटेना जोडायचे. मग २.४ गिगाहर्ट्झवाले आले, योंगन्युओचे आरएफ-६०२, आरएफ-६०३ वगैरे, आणि भरवसा वाढला. वाय-फाय आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात चालतात, त्यामुळे हॉलमध्ये कधी गडबड वाटली तर चॅनेल बदलून बघायचा. आता गोडॉक्ससारख्यांनी रिसीव्हर थेट फ्लॅशच्या पोटातच बसवला आहे.

माझं भांडण इथून सुरू होतं. बाजारात दोन टोकं दिसतात. एका टोकाला "सगळ्यात स्वस्त जोडी घे, शिकायला काय लागतं" म्हणणारे. दुसऱ्या टोकाला "कंपनीचाच टीटीएल फ्लॅश घे, कंपनीचाच ट्रिगर घे" म्हणणारे. दोघांचंही मला पटत नाही.

स्वस्त सुटी जोडी घेतली की फ्लॅशखाली वेगळा रिसीव्हर येतो. त्याचे सेल वेगळे, त्याचा स्विच वेगळा, त्याचं ढिलं होणारं चाक वेगळं. फ्लॅश पेटला नाही की चार जागी शोधावं लागतं, आणि नवशिक्याला तेवढा वेळ कोणी देत नाही. त्यापेक्षा रिसीव्हर पोटात असलेला एक मॅन्युअल फ्लॅश आणि कॅमेऱ्यावर त्याच जातीचा एक ट्रिगर घ्या. भाव सतत हलतात, म्हणून अंदाजाने सांगतो : असा फ्लॅश पाच-सहा हजारांच्या आसपास पडतो, ट्रिगर त्याच्या आत-बाहेर. पुढे दुसरा फ्लॅश घ्याल तो त्याच कंपनीचा घ्या, कारण एका कंपनीचा ट्रिगर दुसऱ्या कंपनीच्या फ्लॅशशी बोलत नाही. शिक्षक दोन-तीन असतील तर वर्गणी काढून शाळेसाठीही एक संच होतो.

आणि टीटीएल? आमच्याकडून बाहेर पडलेला एक मुलगा असाच विचारायला आला होता. चाळीस हजारांच्या घरातला फ्लॅश हप्त्यावर घ्यायचा त्याचा बेत पक्का होता.

"सर, टीटीएल नसला की लोक हसतात."

"अरे, अल्बममध्ये फोटोखाली लिहिलेलं असतं का, हा टीटीएलने काढला म्हणून?"

तो हसला, पण पटलं नव्हतं. मग आम्ही कागदावर मांडलं. वर्षात लग्नाचे मुहूर्त किती? आषाढी एकादशीला देव झोपले की तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळजवळ बंद. हप्ता मात्र चातुर्मास पाळत नाही. त्या चार महिन्यांत पैसे कुठून येणार? वडिलांच्या सोयाबीनमधून? तिथे तो गप्प झाला. नंतर त्याने मॅन्युअल फ्लॅशच घेतला. उरलेल्या पैशांत चांगले स्टँड, छत्री आणि सेलचे दोन संच आले.

टीटीएल वाईट आहे असं मी म्हणत नाही. वरातीत नवरदेव नाचतोय, अंतर क्षणाक्षणाला बदलतंय, तिथे कॅमेऱ्यावरचा टीटीएल फ्लॅश खरोखर उपयोगी पडतो. पण स्टँडवर ठेवलेल्या फ्लॅशचं काय? स्टँड हलत नाही, पाट हलत नाही. अंतर ठरलेलं, म्हणजे उजेडही ठरलेला. एकदा पॉवर जुळवली की शंभर फोटो एकसारखे येतात. टीटीएल तिथे उलट गोंधळ घालतो : नवरदेवाचा काळा कोट चौकटीत जास्त आला की उजेड वाढवतो, नवरीचा पांढरा शालू आला की कमी करतो. मग घरी बसून प्रत्येक फोटो वेगळा दुरुस्त करा. जे काम एकदा हाताने जुळवून होतं त्यासाठी सहा-सात पट पैसे का द्यायचे, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

विकत घेण्याआधी हॉट शू बघा

हे फार महत्त्वाचं आहे, जरा थांबून वाचा. वर जो मधला ठिपका सांगितला, तो सगळ्या कॅमेऱ्यांना असतोच असं नाही. कॅननने आपल्या काही स्वस्त कॅमेऱ्यांमधून, उदाहरणार्थ ३०००डी आणि २००डी मार्क २ मधून, तो काढून टाकला आहे. आपल्याकडे नवशिक्यांच्या हातात नेमके असलेच कॅमेरे असतात. त्यांच्यावर साधा एका पिनचा ट्रिगर बसतो, दिवाही लागतो, पण फ्लॅश पेटत नाही. मुलगा ट्रिगर बदलतो, सेल बदलतो, शेवटी स्वतःलाच नावं ठेवतो. अशा कॅमेऱ्याला कॅननची भाषा समजणारा ट्रिगर लागतो, आणि तोही या कॅमेऱ्यांवर चालतो का, हे विचारून आणि शक्यतो दुकानातच लावून बघून घ्यायचा. जुना कॅमेरा घेणार असाल तर हॉट शूमध्ये बोटाने चाचपून बघायला लाजू नका.

दुसरी काळजी जुन्या फ्लॅशची. कपाटातला वीस-तीस वर्षांपूर्वीचा फ्लॅश फुकट मिळाला म्हणून थेट नव्या कॅमेऱ्यावर चढवू नका. काही जुन्या फ्लॅशच्या पिनवर दोनशेच्या वर व्होल्ट असतात. नव्या फ्लॅशवर ते पाच-सहा असतात. विज्ञान प्रयोगशाळेत मल्टिमीटर असतोच. शिक्षकांनी फ्लॅश चालू करून, तयार असल्याचा दिवा लागला की एक टोक मधल्या पिनला आणि दुसरं बाजूच्या पट्टीला लावून आकडा बघावा. आकडा मोठा आला तर तो फ्लॅश अंगठ्यावरच्या, म्हणजे ओपन फ्लॅशच्या कामाला ठेवा. त्याला कॅमेरा जोडायचाच नाही.

वर्गात काय शिकवता येईल

शिक्षकांसाठी हा भाग. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, हे आपण फळ्यावर लिहितो, मुलं पाठ करतात. फ्लॅशने ते पाच मिनिटांत दिसतं. एक पुतळा किंवा नारळ टेबलावर ठेवा. फ्लॅश १ मीटरवर, एफ ८ ला उजेड बरोबर येईल अशी पॉवर जुळवा. आता फक्त फ्लॅश २ मीटरवर न्या. फोटो काळवंडतो, उजेड चौथाई झाला. ॲपर्चर एफ ४ करा, फोटो पुन्हा पहिल्यासारखा. अंतर दुप्पट, ॲपर्चरचा आकडा निम्मा. ८ गुणिले १ आणि ४ गुणिले २, दोन्ही आठच. फ्लॅशचा गाइड नंबर म्हणतात तो हाच गुणाकार. (खोक्यावर ६० लिहिलेलं असतं ते फ्लॅशचं डोकं २०० मिमीला झूम करून मोजलेलं असतं. पसरट उजेडाला आकडा बराच खाली येतो. तेव्हा नुसत्या आकड्यावर भाळू नका.)

मग खिडकी उघडा आणि शटर १/२०० वरून १/५० करा. खिडकीतला उजेड चौपट झाला, नारळावरचा फ्लॅशचा उजेड तेवढाच राहिला. असं का, हे मुलांना विचारा आणि उत्तर लगेच सांगू नका. फ्लॅशची चमक शटरपेक्षा कितीतरी आखूड असते, शटर जास्त वेळ उघडं राहिलं म्हणून तिला काही जास्त मिळत नाही. शटर खोलीच्या उजेडाचं, ॲपर्चर दोन्हींचं. हे ज्याला कळलं त्याला टीटीएलची गरज निम्म्याने कमी झाली.

उजेड मऊ करायला सॉफ्टबॉक्सच पाहिजे असं नाही. पांढरी छत्री आली, थर्माकोलचा तक्ता आला, दोरीवर टाकलेलं पांढरं धोतर आलं. पांढऱ्या भिंतीवर फ्लॅश मारून परतलेला उजेड घेतला तरी चालतो. फक्त भिंत पांढरी हवी. आपल्या बऱ्याच शाळांचे वर्ग पोपटी रंगाचे आहेत, तिथे सगळी मुलं काविळीतून उठल्यासारखी दिसतील.

जिथे हात आखडता घेऊ नये

सेल. साधे वापरून फेकायचे पेन्सिल सेल लग्नाच्या मध्यावर मान टाकतात. चांगल्या प्रतीचे रिचार्जेबल सेल आणि बरा चार्जर घ्या, फ्लॅशला चार लागतात म्हणून आठ ठेवा. ट्रिगरचे सेलही त्याच दिवशी भरा. फ्लॅश भरलेला आणि ट्रिगर उपाशी, असं नेहमी होतं.

स्टँड. छत्री लावलेला स्टँड म्हणजे शीड लावलेलं होडकं. लॉनवर वाऱ्याची एक झुळूक आली की सगळं जमिनीवर. पायाला वाळूची पिशवी बांधा, नसेल तर पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन अडकवा. लहान मुलं धावत असतील तिथे स्टँडजवळ एक माणूस उभा करा, मग तो धाकटा भाऊ का असेना.

आणि शेवटची गोष्ट जिवाची आहे. बिघडलेला फ्लॅश उघडायचा नाही. "सर, सेल काढलेत ना, मग काय होतंय" हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब साठवलेला असतो आणि सेल काढल्यावरही तो बराच काळ टिकतो. प्रोजेक्टसाठी फ्लॅश खोलून दाखवायची हौस असेल तर ती दुरुस्ती येणाऱ्या माणसासमोर भागवा, वर्गात नाही. तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ फ्लॅश धरू नका, तो भिंतीकडे वळवा. फुल पॉवरवर लागोपाठ पेटवत राहू नका, वीस-पंचवीस वेळा झालं की त्याला थंड होऊ द्या. आणि सीझन संपला की फ्लॅश आणि ट्रिगर दोन्हींतले सेल काढून वेगळ्या डबीत ठेवा, कार्तिकात पिशवी उघडाल तेव्हा आत पांढरी भुकटी सापडायला नको.